चुन्याच्या भिंतीवरचं निळं रक्त

अण्णा,

परवा दुपारी सीवूड्सच्या मॉलमधल्या थिएटरात मी तुमचा हात पाहिला. मनगटापासून तुटलेला, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली, चुना लावलेल्या भिंतीवरून हळूहळू खाली सरकत येणारा. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. शेजारी तुमची नात बसली होती आणि तिच्या मांडीवरच्या पॉपकॉर्नच्या डब्यात माझा हात होता. तो बराच वेळ तिथेच राहिला.

तिला अशा सिनेमांचं वेड आहे. "आई, हे होमेज असतं," असं ती मला सांगते, ज्या सुरात मी अकरावीच्या पोरांना अलंकार समजावते. म्हणजे तुमच्या काळच्या स्वस्त सिनेमांना, ज्यांचं सगळं भांडवल म्हणजे एक कुऱ्हाड, एक ओली साडी, एक पडका बंगला आणि रक्ताच्या चिळकांड्या, त्यांना आजच्या पोरांनी घातलेला साष्टांग नमस्कार. फिल्मवरचे ओरखडे हे लोक कॉम्प्युटरवर मुद्दाम काढतात. मधेच रीळ उडाल्यासारखं करतात. ओठ आणि आवाज जुळू नयेत म्हणून मेहनत घेतात. ज्या गोष्टींपायी तुम्ही घरी येऊन ताटावर कपाळ धरून बसायचात, त्यांची आता शैली झाली आहे. आणि मुंडकं उडालं की प्रेक्षक खुशीत हसतात. बीभत्साचा स्थायीभाव जुगुप्सा, असं आम्ही शिकलो. इथे लोक जुगुप्सेबरोबर चीज लावलेले नाचोज खातात. यंदा मी तिच्यासोबत असे चार सिनेमे पाहिले आणि, खरं सांगते, एकात पोट धरून हसले.

पाचवा मात्र तुमच्याच सिनेमाला केलेला नमस्कार निघाला. आत जाऊन बसेपर्यंत मला कल्पना नव्हती. तिला तर अजूनही नाही, कारण तिचे आजोबा 'केमिकल लाइनमध्ये' होते असं मी तिला लहानपणापासून सांगत आले. तसं ते अगदी खोटंही नाही.

केमिकल म्हणजे सिनेमातल्या खोट्या रक्तासाठी काकवी, मैद्याची खळ आणि कोकमाचं आगळ. वाशीच्या त्या दोन खोल्यांत रविवारी आई कुरकुरत स्टोव्ह तुमच्या ताब्यात द्यायची. तुम्ही पातेल्यात रक्त ढवळताय, चमच्यावर घेऊन खिडकीच्या उजेडात त्याची धार बघताय आणि मी ओट्याशी उभी राहून संस्कृत शब्दांची रूपं घोकतेय. एरवी तुम्ही बाजारचा लाल रंग घालायचात, पण त्याने हिरॉइनच्या ओठांवर फोड आले म्हणून या खेपेला नुसत्या आगळावर भागवायचं ठरलं होतं. "तिला ते तोंडात धरायचंय," तुम्ही आईला म्हणालात, "निदान चव तरी बरी लागू दे." मी तेरा वर्षांची, सर्वज्ञ. मी म्हटलं, "अण्णा, नाट्यशास्त्रात बीभत्साचा रंग निळा सांगितलाय. लाल रौद्राचा." चमच्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "तुझ्या शास्त्राला सांग, निळं रक्त बघायला पब्लिक येत नाही."

तो हातही त्याच ओट्यावरचा. साच्यासाठी तुम्ही स्वतःचाच डावा हात प्लास्टरमध्ये घातला होता, लहानपणी रहाटात सापडून वाकलेल्या करंगळीसकट. अर्धा तास हलायचं नव्हतं. आई बशीतून चहा पाजत म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा हात मिळाला नाही?" तुम्ही म्हणालात, "दुसऱ्यांचे हलतात."

मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही मला शूटिंगला नेलंत. दिवाळे गावच्या खाडीपलीकडे मिठागराची एक रिकामी चौकी होती. भिंत कॅमेऱ्यात चांगली दिसावी म्हणून कुणीतरी त्याच सकाळी तिला चुना फासला होता. तुम्ही बादलीभर रक्त भिंतीवर फेकलंत. पाच आकडे मोजेपर्यंत ते लाल होतं. मग जांभळं व्हायला लागलं, मग शाईसारखं निळसर. टोपल्या घेऊन निघालेल्या कोळणी तमाशा बघायला थांबल्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "अगो बाय, याचा रगात निला झाला. मेल्यानं शाई पिली व्हती काय?" लाइटवाल्यांसकट सगळे हसले. आमसुलाच्या डागाला साबण लागला की तो निळा पडतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, चुन्यानेही तेच होणार. पण तुम्ही विचार केला होता तो फक्त हिरॉइनच्या ओठांचा. दुसऱ्या टेकपुरती फिल्म उरली नव्हती. दिग्दर्शक म्हणाला, "चालतंय, भुताचं रक्त आहे." घरी येताना तुम्ही म्हणालात, "तुझं शास्त्र बरोबर निघालं गं." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर जगले.

असे सिनेमे अडकतात तसा हाही दोन वर्षं अडकला. तोवर मी दहावीत गेले. आंतरशालेय पाठांतरात मला पहिलं बक्षीस मिळालं आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून समारंभाला आलात. नखांच्या कडांना लाल होतंच. एका मुलीच्या वडिलांनी विचारलं, "आपण काय करता?" तुम्ही सांगितलंत. नुसतं सांगितलं नाहीत, मान कशी कापतात तेही करून दाखवलंत. सोमवारी वर्गातल्या फळ्यावर खडूने एक तुटलेला हात काढलेला होता आणि त्याखाली माझं आडनाव.

त्या संध्याकाळी तुम्ही पातेलं घासत होतात. मी मागे उभी राहून, फार शुद्ध मराठीत, म्हणाले, "निदान श्रेयनामावलीतून तरी तुमचं नाव काढा. आडनाव माझंही आहे." तुम्ही वळला नाहीत. पातेल्यावर पाणी ओतलंत आणि म्हणालात, "बरं." त्याच महिन्यात त्या सिनेमाच्या नावांच्या पाट्या रंगायला गेल्या. तुमचं नाव त्यात नव्हतं. त्यानंतर कुठल्याच सिनेमात नव्हतं.

परवा सिनेमा संपला आणि दिग्दर्शक स्वतः पडद्यापुढे येऊन उभा राहिला. तिशीही गाठली नसेल, काळा टी-शर्ट. म्हणाला, जुना सिनेमा आम्ही चाळीसदा पाहिला, एकेक फ्रेम थांबवून तो हात पुन्हा घडवला, ते निळं रक्त जमायला तीन महिने लागले. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाळा, अर्धी बाटली आगळ. मग तो म्हणाला, "निळं रक्त ही त्या आर्टिस्टची जिनिअस आयडिया होती. पण टायटल्समध्ये त्याचं नावच नाहीये. आम्ही खूप शोधलं. प्रोड्यूसर आता हयात नाहीत, पण शंभर टक्के त्यांनीच ते उडवलं असणार. टेक्निशियन लोकांना तेव्हा असंच वागवायचे. कुणाला काही माहीत असेल तर प्लीज, मला कळवा." सगळं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं, अन्यायाविरुद्ध वाजवतात तशा. तुमची नात तर उभी राहिली.

मीही वाजवल्या. दर दिवाळीला आपल्याकडे मिठाईचा पुडा घेऊन येणारा हाच प्रोड्यूसर, "अरे, नाव कशाला काढतोस, पोरीचा राग चार दिवसांचा," असं म्हणत आपल्या खाटेवर तासभर बसलेला, मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून ऐकत असताना. त्या मेलेल्या माणसाविरुद्ध मी टाळ्या वाजवल्या.

रिक्षात ती म्हणाली, "किती वाईट ना, आई? त्याच्या घरच्यांना माहीतपण नसेल."

"नसेल," मी म्हटलं.

"तू रडतेयस?"

"नाचोजवरचं तिखट."

तेव्हापासून तो हात माझ्यासोबत आहे. भूतखेत म्हणत नाही मी, चाळीस वर्षं संस्कृत वाचलेल्या बाईला ते शोभत नाही. पण सोलकढीला आगळ ओतताना तो बाटलीच्या बाजूला असतो. वर्गात फळ्याकडे वळले की डस्टरच्या शेजारी असतो. काही करत नाही. नुसता हलत नाही, इतकंच.

दिग्दर्शकाचा ईमेल तुमच्या नातीने फोनमध्ये टिपून ठेवलाय. तो घेऊन मी तीनदा लिहायला बसले. 'आपण ज्यांना शोधत आहात ते माझे वडील' इथवर येते आणि थांबते. पुढे नाव लिहिलं की लगेच विचारतील, ते काढलं कुणी. 'त्यांनी स्वतःच काढायला सांगितलं' असं लिहिता येईल. तेही केमिकल लाइनइतकंच खरं आहे. आणि खरं लिहिलं, तर ते वाचणारी दुसरी व्यक्ती तुमची नात असेल.

म्हणून म्हटलं, आधी तुम्हाला लिहून हात मोकळा करावा. तुम्ही काय, 'बरं' म्हणाल. आत्ता पहिल्या ओळीपासून सगळं वाचून पाहिलं. एवढी पानं भरली, अण्णा, आणि यातही तुमचं नाव मी कुठेच लिहिलेलं नाही.