पोतोसीचं दार

कोचाबांबा, शनिवार सकाळ

फेर्मीनदादा,

"या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही," असं बाबांना सुनावून तू पोतोसी सोडलंस, त्याला एकोणीस वर्षं झाली. घर पाडलं तेव्हा मी ते दार चौकटीसकट मागून घेतलं आणि आता तुझ्या शहरात आणलंय.

हेच माझं काम. एकेका शहराच्या चौकात काहीतरी उभं करायचं, लोक काय करतात ते बघायचं, चौथ्या दिवशी उचलायचं. "टिकत नाही ती कसली कला?" बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले. ओरूरोत मिठाची भिंत उभारली, ती लामांच्या कळपाने चाटून संपवली!

इथे मोकळ्या चौकात नुसतं दार आहे. बाजूने सहज जाता येतं, तरी माणसं आधी कडी वाजवतात. का वाजवत असतील? मग ढकलतात, दार अडतं, हसून निघून जातात. दाराची मूठ वर उचलून गुडघ्याने रेटायचं असतं, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

तू तीन गल्ल्या पलीकडे राहतोस. तुला पत्र टाकून बोलवावं की नाही, ते ठरत नव्हतं. आत्ता पाव घेऊन परतले, तर कोपऱ्यावर मक्याचं गरम पेय विकणाऱ्या बेनितामावशी म्हणाल्या, "अगं, एकाने उघडलं तुझं दार! कडी नाही, काही नाही. गुडघा लावला नि सरळ आत. कितीतरी वेळ नुसता उभा होता. जाताना नीट लावून गेला बघ."

हे पत्र टाकत नाही. दारही उद्या उचलत नाही. आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसते.

तुझी,
तेओदोरा