पोराला तिखट लागतं

माय, तुझ्या नातवाची मला किळस येते. पत्राच्या पहिल्याच ओळीत हे सांगते, कारण गल्लीत कुणाला सांगायची सोय नाही. विधवा बाईचं एकुलतं एक पोर आणि बघा कशी बोलते, असं म्हणतील. तू मात्र पदर तोंडाला लावून हसली असतीस. दाढीचे चार केस फुटलेत आणि अंगाला बोकडाचा वास मारतो. त्यावर तो बाटलीतला फवारा मारून घेतो, मग अत्तर लावलेला बोकड घरात फिरतो. ओला टॉवेल गादीवर. एक मोजा खाटेखाली, दुसरा देवाच्या फळीवर, तिथे कसा गेला ते देवालाच माहीत. परवा खाटेखाली चहाचा कप सापडला, त्यात हिरवी लव उगवलेली. मी तो तसाच त्याच्या ताटात वाढला. म्हणतो, "मम्मी, हे काय आहे?" म्हटलं, "तुझं पीक. तूच पेरलंस, तूच काप." मोबाईल घेऊन संडासात बसतो तो निघतच नाही. कडी वाजवली की, "पाच मिनिटं ना मम्मी." तुझा जावई तेवढ्या वेळात अर्ध्या कपाशीला फवारणी करून यायचा.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. माझी जीभ कशी आहे ती तुला माहीत आहे, तूच दिलेली. यंदा थंडीत तुझा धाकटा भरीत करायला शेतात आला होता, बायकापोरांना घेऊन. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, मी लाकडी बडगीत हिरव्या मिरच्या ठेचल्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वर कच्चं तेल. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. बठ्ठे, लहानमोठे सगळे, नाक पुसत खातायत आणि माझा पोरगा बाजूला बसून कोरडी पुरी पाण्याबरोबर गिळतोय. मामाने विचारलं, "काय रे भाऊ, भरीत नको?" हा म्हणाला, "तिखट लागतं." माय, खान्देशात जन्मला आणि तिखट लागतं! हा लहान होता तेव्हा माझ्या मांडीवर बसून ठेचा चाटायचा. मला तर गंमतच सापडली. म्हटलं, "अरे, आपल्याकडे पुण्याचे पाहुणे आलेत, यांना साखर वाढा कुणीतरी." सगळे हसले. तो उठून विहिरीकडे गेला. घरी आल्यावरही मी सोडलं नाही. रोज त्याच्या ताटाशेजारी साखरेची वाटी ठेवायची. शेवभाजी केली की आधी विचारायची, "पाहुण्यांना दही देऊ का?" तो अर्धं ताट टाकून उठायचा. मी समजले, अकरावीला पारोळ्याला जायला लागलाय, शहाणा झालाय, आईच्या हातचं आता गोड लागत नाही. राग यायचा. अन्न टाकलेलं मला कधीच बघवत नाही, तेही तुझंच.

मग त्याला बूट घ्यायला जळगावला गेलो. बूट झाले, म्हटलं चल, पाणीपुरी खाऊ. पाणीपुरीला तो कधी नाही म्हणत नाही. गोड पाण्याची मागितली, मी मनात म्हटलं, घ्या, पाहुणे. आणि बघते तर तो पुरी आख्खी तोंडात टाकतच नाही. दोन बोटांत धरून, मान वाकडी करून, कडेने चावून तोडतो, आणि पाणी सगळं नव्या शर्टावर. मी म्हटलं, "नवरी आहेस का रे? लाजून खातोयस." एवढं बोलले आणि मला आमच्या भावकीतला चुलत दीर दिसला. गुटख्याच्या पुड्या खाऊन खाऊन त्याचा जबडा धरलाय. भाकरी दुधात कुस्करतो आणि अश्शीच मान वाकडी करून कडेने आत ढकलतो. त्यालाही सगळ्यात आधी तिखटच लागायला लागलं होतं. जाऊ सांगायची आणि आम्ही सगळ्या हसायचो.

मी तिथेच म्हटलं, "तोंड उघड."

"मम्मी, लोक बघतायत."

"बघू दे. उघड."

"काही नाही ना यार."

"मी तुझी यार नाही. उघड तोंड."

तो चालायला लागला. मी मागून, हातात बुटाचा खोका. माझ्यापेक्षा वीतभर उंच झालाय, माय. त्याचा जबडा धरायला मला आता पाटावर चढावं लागेल, आणि तो धरू देईल तेव्हा ना.

तिथे रस्त्यात मला तू आठवलीस. मी शाळेतून आलेली आहे, पाटीवरची पेन्सिल दाढेखाली कुरुकुरु चावतेय, आणि तू शेण थापतेस. "काय चावी राहिनी वं?" "काही नही." "तोंड उघाड." मी दात आवळून उभी. तू हात धुतलेसुद्धा नाहीस. एका हाताने गाल दाबलेस आणि दुसऱ्या हाताचं बोट आत घालून सगळा चुरा खरवडून काढलास. "पोटमा दगडं व्हतीन, मरी जाशी." मी तुझ्या बोटाला चावले. तू आधी थापड दिलीस, मग गूळ. तो शेणाचा वास कितीतरी दिवस जिभेवरून जात नव्हता. पण तुझं काम तेवढ्यात झालं होतं. मला विचारायची तुला गरजच पडली नाही.

एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. घरी आल्यावर मी भांडले नाही. मला भांडल्याशिवाय राहता येतं हे मलाच नवीन होतं. अंगणात बसले आणि म्हटलं, "पाहुण्या, मी आता हसणार नाही. एकदा दाखव." त्याने बुटाचा खोका ओट्यावर ठेवला. मग माझ्यासमोर खाली बसला, लहानपणी वेणीफणीला आम्ही बहिणी तुझ्यापुढे बसायचो तसा, आणि जेवढं उघडत होतं तेवढं उघडलं. दोन बोटं गेली. तिसरं गेलं नाही. गाल आतून मऊ असतो ना, तो पुठ्ठ्यासारखा लागला, पांढरट. दातांच्या मागे तपकिरी राड, आणि वास असा की बस. मी उठून मोरीकडे पळाले आणि ओकले. चूळ भरून वळले तर तो तसाच बसलेला. म्हणाला, "म्हणूनच दाखवत नव्हतो."

माय, मी पदराने तोंड पुसलं आणि परत त्याच्यासमोर जाऊन बसले.

डॉक्टर म्हणाले, पुडी आज सुटली तर आहे एवढ्यावर थांबेल, नाहीतर पुढे जेवणही अवघड, आणि त्याच्यापुढचं त्यांनी मला बाजूला नेऊन सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. तोंड उघडायचा व्यायाम दिलाय. आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या. सकाळी आरशापुढे बसतो, लाळ हनुवटीवरून गळते, डोळ्यांतून पाणी येतं. मला बघवत नाही तरी शेजारी बसते. कोण विकतं पोरांना ते विचारलं, तर म्हणतो, "सगळेच खातात." सगळेच! टपरीवर उभे असतात, याच्याच वयाचे, लाल ओठांचे, रस्ता रंगवत. आधी त्यांच्याकडे बघून नाक मुरडायची. आता प्रत्येकाच्या आईचं तोंड डोळ्यांसमोर येतं, आणि किळस काही कमी होत नाही, दुप्पट होते. घरात मिरची बंद आहे. फिकी खिचडी करते, दोघं समोरासमोर बसून खातो. काल म्हणाला, "तू तरी ठेचा खा ना मम्मी, हॉस्पिटलात बसल्यासारखं वाटतं." सोडलीय म्हणतो. मी विश्वास ठेवते म्हणते.

हे पाठवायचं नाहीच. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तोंडाने हे मी कुणालाच सांगणार नाही. फक्त एक राहिलं. डॉक्टरकडून आल्यापासून त्याची पँट भिजवायच्या आधी मी खिसे उलटे करून पुडी आहे का बघते. आज नाही बघितले. तशीच बादलीत दाबली, आणि पाणी ओतताना मान फिरवली.