लाभ, दोन, तीन

७ एप्रिल २०२५, सोमवार

केडगावात आलो एकदाचा! खोली झकास आहे, खिडकीतून पुणे रस्ता दिसतो, चहाची टपरी समोरच. शेठनी मला त्यांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात सुपरवायझर नेमलंय. उन्हाळा हीच आमची सुगी. जामखेडकडून विहिरीवरच्या जळक्या मोटरी टेम्पो भरभरून येतात. कामाला माणसं दोनच. तार गुंडाळणारे प्रभुदास मिस्त्री आणि झाडलोट करणाऱ्या गोजरबाई. डिप्लोमा दोघांकडेही नाही, हे सांगायला नकोच.

८ एप्रिल

मिस्त्रींना विचारलं, कॉइल चालते कशी? म्हणाले, तार गोल फिरली की करंटला जोर येतो. धन्य! अहो, तारेतून करंट गेला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. वेढे घातले की एकेका वेढ्याचं क्षेत्र शेजारच्यात मिळत जातं, मधलं लोखंड ते वाढवतं, आणि त्या ओढीने मोटर फिरते. म्हणून वेढे मोजून घालायचे. कमी पडले तर मोटर जास्त करंट ओढते आणि जळते. फळ्यावर खडूने काढून दाखवलं. मिस्त्री व्हय व्हय करत तंबाखू मळत बसले. गाढवापुढे वाचली गीता!

आणि यांचं मोजणं तर विचारूच नका. लाकडी साच्यावर हँडलने तार गुंडाळताना पहिल्या वेढ्याला "एक" म्हणतच नाहीत. "लाभ" म्हणतात. लाभ, दोन, तीन. खळ्यावर धान्य मापताना म्हणतात ना, तसं. मी म्हटलं, मिस्त्री, दर रविवारी चर्चात जाता, मग हे कुठलं खूळ? तर म्हणे, मोजायला बसलं की सगळी माणसं सारखीच. आन या हँडलवर तर एक म्हणायचंच न्हाई.

१० एप्रिल

या लोकांना करूनच दाखवावं लागतं. आज स्वतः बसलो. बेचाळीस वेढ्यांची कॉइल. मुद्दाम मोठ्याने "एक" म्हटलं आणि हँडल फिरवलं. नऊपर्यंत आलो तोच गोजरबाई झाडू टाकून पुढे आल्या. म्हणाल्या, सायेब, तुमी एक, तीन, पाच असं का म्हन्ताय? मधले आकडे कोन म्हन्तंय?

मी तर सगळे आकडे स्वच्छ ऐकले होते. म्हणजे मीच म्हटले असणार. बाई बहिऱ्या आहेत, दुसरं काय.

मिस्त्रींचा चेहरा मात्र पडला. म्हणाले, ती तार उलगडा आन लाभ म्हणून पुन्हा सुरू करा. पुंजाराम नावाचा जुना कारागीर याच बाकावर गेला. त्यानेही एक म्हणूनच सुरुवात केली होती. एकेचाळिसाव्या वेढ्याला टेस्ट बोर्डाची उघडी वायर लागली, बेचाळिसावा राहिला. तेव्हापासून कुणी एक म्हटलं की तो जोडीला बसतो. एक आकडा आपला, एक त्याचा. बेचाळीस झाले की कॉइल पुरी, आन माणूसबी.

हसून हसून पोट दुखलं. डिप्लोमा झालेला माणूस लाभ म्हणणार? माझं खेटर म्हणेल!

१२ एप्रिल

हँडलच्या मशीनला वेढे मोजणारा काउंटर आहे, त्यावर परवा नऊ सोडून गेलो होतो. आज वीस. किल्ली माझ्याच खिशात. म्हातारा मिस्त्री खिडकीतून शिरला असेल. या वयात काय हे चाळे!

१५ एप्रिल

एकोणतीस. कटरने तार कापली, कॉइल भंगारात फेकली. जेवून आलो तर साच्यावर तीच, अखंड. एकतीस.

गोजरबाई कामावर येत नाहीत. अडाणी बाई. पण मीही आज मशीनकडे पाठ करून बसलो नाही.

१६ एप्रिल

लाइट गेली होती. तरी कॉइल गुणगुणत होती. करंटशिवाय गुणगुणणं शक्य नाही. फळ्यावर मीच शिकवलंय.

संध्याकाळी टपरीवर चहा पिताना तोंडातून आपोआप "पस्तीस" निघालं. कानाशी कुणीतरी म्हणालं, "छत्तीस."

१७ एप्रिल

मिस्त्रींच्या घरी गेलो. हो, मी गेलो. भीती वाटतेय, लिहून टाकतो. म्हातारा रागावलासुद्धा नाही, तेच सोसवत नाही. म्हणाले, उद्या गुड फ्रायडे, तीनपर्यंत चर्चात असतो. तिथून थेट येतो, तुमच्याशेजारी बसतो. तवर मशीनला हात लावू नका.

त्यांनी माझा हात धरून बसायचं? माझा? एक शब्द तर म्हणायचाय. मीच म्हणेन.

१८ एप्रिल, दुपारी दोन

दुकानात एकटाच. उलगडली की तार पुन्हा साच्यावर चढते. काउंटर चाळीस.

फक्त लाभ म्हणायचं. तोंड उघडलं आणि —

"एकेचाळीस." आवाज माझाच.

लिहून बघतो. एकेचाळीस. नाही. ला — एकेचाळीस.

घाबरायचं काही नाही. तारेची दोन्ही टोकं मोकळी आहेत. मोकळ्या टोकांतून करंट वाहत नाही, पहिल्या वर्षाला शिकवतात. मोकळी — एक माझ्या डाव्या मनगटाला गुंडाळलंय. मी नाही गुंडाळलं — दुसरं पेनाच्या हातावर चढतंय —

अडीच वाजले. मिस्त्री, अहो मिस्त्री, चुकलं माझं. तुम्ही म्हणा ना, माझ्या वतीने तुम्हीच —

हँडल फिरतंय. आता त्याची पाळी.

बे