ताइतामागचं फुफ्फुस

तारामती, माहूरहून ताईत आणलास तो तांब्याचा कशाला आणलास? कापडात शिवलेला मिळत नव्हता? त्याच्यापायी नांदेडच्या दवाखान्यात चार माणसांत माझी शोभा झाली. हे आधी लिहून टाकलं, आता बाकीचं. तुला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. भागवतरावांचे गुडघे कसे हायत? (चालायचं तर नाव न्हाई, मग दुखतात कशानं, देव जाणे.)

तर आपली नात आरती सोमवारी हापशापाशी खेळत होती. दांडा उसळला अन् पोरीच्या छातीवर बसला. रडली, गप झाली. ना जखम, ना रक्त. मी चाचपून बघितलं, फासळ्या जागच्या जागी. सुनेला म्हटलं, काही झालं न्हाई, साखरपाणी दे. दुपार कलली तशी पोरगी बसल्या जागी धापा टाकाय लागली, दोन शब्द बोलायची अन् थांबायची. मग मात्र मी थांबले न्हाई. हिमायतनगरहून जीप करून नांदेड गाठलं.

एक्स-रेवाला म्हणाला, अंगावरचं सगळं काढा. मी वाळे काढले, साखळी काढली. ताईत तेवढा काखेखाली सरकवून वर चिकटपट्टी मारली. त्या खोलीत लेकराला देवीशिवाय कशी धाडू? त्यानं पुन्हा विचारलं तर शपथ घेऊन सांगितलं, काही न्हाई. फोटो आला, तर डाव्या फुफ्फुसावर पांढरीफेक नळी! डॉक्टरीण मालविकाबाई विचारून राहिल्या, पोरीनं टोपण गिळलं का? सून रडाय लागली. दुर्बीण घालून काढायची गोष्ट निघाली, तवा ताईत सोडून टेबलावर ठेवला.

दुसरा फोटो काढला. ताईत होता बरोबर तिथंच काळी पट्टी. फुफ्फुसातली हवा बाहेर साठून फुफ्फुस दबलं होतं. बाई म्हणाल्या, आजी, लेकरांची हाडं कवळी असतात, फासळी वाकून परत सरळ होती, मार आत बसतो. हातानं चाचपून कळत नसतं. मी म्हटलं, मग त्या मोठ्या मशीनमध्ये घाला, आम्ही काय भिकारी दिसतो? तर म्हणे, गरज नसताना लेकराला एवढी किरणं कशाला? सोनोग्राफी करून खात्री केली अन् बरगड्यांमधून बारीक नळी घातली. पाण्याच्या बाटलीत बुडबुडे निघाले, पोरीचा श्वास लांब झाला. तिचं पहिलं अख्खं वाक्य काय, तर आजी, तू खोटी शपथ घेतली!

त्या बाईचं कल्याण होवो. मला दोनदा झापलं, तरी होवो. पोरगी आता घरी हाय, बोलून बोलून कान खाती, खाऊ दे.

तुझी अक्का,
गोदावरी

ता. क. दांडा आपसूक उसळला न्हाई. मी हापसत होते, माझ्याच हातून सुटला. बाईंना खरं सांगितलं, कारण मार किती जोरात बसला हे त्यांना कळल्याबिगर भागत नव्हतं. सुनेला सांगितलं न्हाई. ती रोज पाया पडून म्हणती, आत्याबाई, तुम्ही होता म्हणून लेकरू वाचलं. घास उतरत न्हाई, तारे. वीस तारखेला पुन्हा फोटो हाय, त्याच्या आधी ये. सांगीन मीच. तू नुसती शेजारी बस.

आणखी एक. फोन करू नको, सून उचलती. उत्तर तूच लिहायचं, भागवतरावांनी पेनाला हात लावायचा न्हाई.