हिची ये-जा

३ मार्च, सोमवार

पालिकेचं पत्र. सकाळी आलं, दुपारी फोडलं. हिच्या नावाने अजून येत असतात, तसंच असेल वाटलं. निघालं माझ्या नावाने. निवडून आलेल्या सदस्यांना मानधन किती द्यावं, भत्ते कोणते द्यावेत, हे ठरवायला तिघांची समिती नेमली आहे. एक निवृत्त न्यायाधीश, एक ऑडिटर आणि एक साधा नागरिक. साधा नागरिक म्हणजे मी. चिठ्ठ्या टाकून नाव काढलं म्हणे.

ही नऊ वर्षं पालिकेची सदस्य होती. आठ महिन्यांपूर्वी गेली. हृदय. सकाळी सात वीसला. फोन करून सांगितलं त्यांना, की बाबांनो, असं असं आहे. तिकडचा कारकून म्हणाला, "माहीत आहे काका. सध्याच्या सदस्याचे नातेवाईक नसलात की चालतं."

नाही, सध्याच्या नाही. बरं.

५ मार्च

हो कळवलं. घरात बसून तरी कुठे दिवे लावतोय.

६ मार्च, गुरुवार

पहिली बैठक. तिसऱ्या मजल्यावरची खोली, एक पंखा, तो खडखडतो. न्यायाधीशबाई माझ्याहून मोठ्या असाव्यात, पण जिना माझ्याआधी चढून गेल्या. ऑडिटर पन्नाशीचा. बोलताना पेन्सिलीला टोक काढत राहतो.

आत्ता सभेमागे भत्ता मिळतो. त्यात जाण्यायेण्याचं भाडं सुटतं, बाकी शून्य. ऑडिटर म्हणाला, "लोकसेवा आहे ही. पगार दिला की धंदेवाले घुसतील." बाई म्हणाल्या, "नाही दिला तरी तेच घुसतात. कारण तेवढ्यांनाच परवडतं." मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. एकाचं हो, एकाचं नाही. म्हणजे घोडं माझ्यापाशी अडणार.

मी छत्तीस वर्षं बसडेपोत टाइमकीपर. गाडी कधी सुटली, कधी आली, एवढंच लिहीत आलो. मत द्यायची सवय नाही. तरी बोलून गेलो — काम किती तास असतं ते कळल्याशिवाय दाम कसा ठरवणार? दोघं म्हणाले, बरोबर आहे, सदस्यांनाच विचारू. घ्या. नसती उठाठेव.

हिला मी म्हणायचो, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस. नऊ वर्षं म्हणत होतो. आधी हसायची. नंतर नुसती चपला काढायची आणि आत जायची.

१० मार्च, सोमवार

आज एक सदस्य बोलावला होता. धंद्याने शिंपी. हिच्याबरोबरच निवडून आलेला.

म्हणाला, "मी सभेला बसलो की मशीन बंद, आणि मशीन बंद की चूल बंद." त्याची बायको अंथरुणाला खिळलेली. सभेच्या दिवशी तिच्याजवळ बसायला एक बाई लावतो. तिचे पैसे सभेच्या भत्त्यापेक्षा जास्त. "म्हणजे मी तिकीट काढून सभेला बसतो साहेब. सिनेमासारखा. बरं, सिनेमात मध्यंतर तरी असतं." सगळे हसले, तोही हसला. मग म्हणाला, असंच राहिलं तर पुढच्या महिन्यात राजीनामा.

ऑडिटरने विचारलं, आठवड्याला किती तास? तर म्हणे, "वीस असतील. पंचवीस असतील. कोण मोजतंय?"

"कोणी मोजत नाही, तिथंच तर अडलंय," ऑडिटर म्हणाला. "पुरावा नसेल तर माझं मत — आहे तेच चालू द्या." बाईंनी ते कागदावर उतरवून घेतलं.

खाली उतरल्यावर शिंप्याने माझा हात धरला. "वहिनींच्या जागेवर तो रस्त्यांचा ठेकेदार उभा राहतोय. बिनविरोध येणार. दुसऱ्या कोणाच्या खिशाला झेपतंय?" ज्या ठेकेदाराचे रस्ते हिने दोनदा उकरायला लावले, तोच. मी हं म्हटलं आणि बस पकडली.

काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळतं.

१२ मार्च

दिवसभर कपाटासमोर. उघडलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

कोणी मोजत नाही म्हणे. मी मोजलंय.

रोजनिश्या. नऊ वर्षांच्या नऊ, त्या कपाटात. प्रत्येक पानाच्या तळाला — गेली ४:१०, आली ८:५५. निवृत्त झालो तरी हात थांबेना. गाड्या नव्हत्या, बायको होती. कौतुकाने नाही लिहिलं. खोटं कशाला बोलू, इथे कोण वाचतंय. एक दिवस सगळं तिच्यापुढे आपटायचं होतं — हे बघ, गावाला किती तास दिलेस आणि घराला किती. आपटलं नाही कधी. लिहीत मात्र गेलो.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ही मूठ उघडली तर सगळ्या पालिकेला कळेल, टाइमकीपर घरी काय करत होता.

१५ मार्च, शनिवार

शेवटच्या तीन वर्षांची बेरीज केली. आठवड्याला सरासरी एकोणीस तास. दोनदा केली. एकोणीसच.

वेळांच्या शेजारी कुठे कुठे शेरे आहेत. ते विसरलो होतो.

"आली ९:०५. जेवण गार. तिसऱ्यांदा."

"गेली ५:००. पाहुणे यायचे होते. शोभा झाली."

"आली ८:४०. थकले म्हणाली. म्हटलं, थकायचे किती देतात?"

हे मी लिहिलंय. माझंच अक्षर आहे, मराठी शाळेत घोटवलेलं, सुरेख. वाचून रडू येईल वाटलं होतं. नाही आलं. भांडी घासली. एकाची असतात, पटकन होतात.

१७ मार्च, सोमवार

नेल्या. पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या. काय आहे ते सांगितलं. सांगताना पंखा जरा जास्तच खडखडत होता, म्हणून दोनदा सांगावं लागलं.

ऑडिटरने पहिली ओढून घेतली. त्याला असं काही मिळालं की भूक लागत नसावी. अर्धा तास पानं उलटत राहिला. मग म्हणाला, "याच्यासारखा पुरावा मी आजवर पाहिला नाही. लिहिणारा तिच्या बाजूचा नव्हताच." म्हणजे मी रागाने लिहिलं, म्हणूनच ते खरं धरायचं. असं पण असतं.

न्यायाधीशबाईंनी तो थकण्याचा शेरा काढला. माझ्यापुढे पान धरून विचारलं, "परिशिष्टात नुसत्या वेळा घेऊ की शेरेही? शेरे गाळता येतील. तुमच्या घरातलं आहे."

म्हटलं, घ्या. नोंद आहे, अर्धी कशाला?

घरी येऊन मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हे लिहून ठेवत होतात?" म्हटलं, हो. "आणि आता छापणार?" हो. म्हणाली, कुकरच्या शिट्ट्या होतायत, ठेवते.

२४ मार्च, सोमवार

ऑडिटरने सगळं पालिकेच्या हजेरीपटाशी ताडून पाहिलं. सोमवार, गुरुवार सभा — जुळतात. बुधवारी समिती — जुळते. शनिवारी वस्तीतली फेरी, तक्रारवहीत हिच्या सह्या — जुळतात. माझ्या वेळा पाच-दहा मिनिटांपलीकडे कुठे चुकल्या नाहीत. एवढं ऐकून जरा ताठ बसलो.

मग म्हणाला, "मंगळवार जुळत नाहीत."

शेवटची तिन्ही वर्षं. दर मंगळवारी दुपारी गेली, तीन-साडेतीन तासांनी आली. ती समिती आहे म्हणून सांगायची. मी तेच लिहिलं. आणि मंगळवारी सभागृह बंद असतं. ना सभा, ना समिती, ना कुठे सही. "दुसरीकडे कुठे जात असतील?" त्याने हळूच विचारलं. माणूस वाईट नाही.

म्हटलं, माहीत नाही. मंगळवार वजा करा. केले. सोळा तास उरले.

२५ मार्च

मंगळवार आज. दुपारी विनाकारण कपडे करून बसलो होतो.

दवाखाना असेल तर कागद सापडले असते. सगळी कपाटं पाहिली, नाहीत. कोणी माणूस असेल का, हाही विचार करून झाला. या वयात! पण का नाही? मी तरी दारात घड्याळ घेऊन बसलेला. तसं असतं तर राग यावा. राग यायचीही वाट बघितली. आला नाही, मग संध्याकाळी कपडे बदलून टाकले.

२७ मार्च, गुरुवार

शेवटची बैठक. ऑडिटरने सोळा तास मान्य केले, पण म्हणाला, यातले निम्मे सेवा म्हणून फुकट धरू. थोडं तरी फुकट हवंच, नाहीतर सेवा कसली?

मी बोललो. एरवी बोलत नाही. म्हटलं, फुकटचं घरच्यांकडून वसूल होतं साहेब. जेवण गार होतं, माणूस गार होतं. ते शेरे तुम्ही वाचलेत. ते एका फुकट्या कामाचं बिल आहे, चुकीच्या माणसाला पाठवलेलं.

बाईंनी कागद पुढे ओढून लिहायला घेतलं.

चार तास सेवा, बारा तासांचं मानधन, कारकुनाच्या दराने. घरी आजारी माणूस किंवा लहान मूल असेल तर सोबतीच्या बाईचा खर्च वेगळा, पावतीवर. तिघांच्याही सह्या झाल्या. ऑडिटरने पेन्सिल ठेवून पेन घेतलं.

शिंप्याला कळलं असावं. संध्याकाळी फोन आला — राहतो म्हणाला. आणि हिच्या जागेसाठी पाळणाघर चालवणारी एक बाई अर्ज नेऊन गेलीय. ठेकेदार बिनविरोध येत नाही आता.

चांगलं झालं. चांगलं झालं हे कळतंय.

३ एप्रिल, गुरुवार

मुलगी आली होती. मीच विचारलं मंगळवारचं.

"माझ्याकडे यायची," म्हणाली. "झोपायला. आल्या आल्या आतल्या खोलीत जाऊन झोपायची. दोन तास. मग तोंड धुऊन निघायची. म्हणायची, बाबांना समिती सांगितलीय, तूही तेच सांग."

घरी का झोपत नव्हती, ते मी विचारलं नाही.