दोन थेंब

सोमवार, ३ तारीख

आज सासरी आलो. लग्नाला दोन वर्षं झाली, पण या घरात राहायला पहिल्यांदाच. आमच्या गल्लीवर बॉम्ब पडला, खोली गेली, पण आम्ही तिघं धड आहोत. हे, मी आणि आमची वर्षाची चिमी. डोक्यावर छप्पर आहे, मला तर आज सारखं हसूच येतंय.

मामंजी शिंपी. त्यांनी मला मापांची जुनी वही दिली. म्हणाले, सूनबाई, चौथीपर्यंत शिकलीस ना, मग लिहीत जा काहीतरी, हाताची सवय जायला नको. पहिल्या पानावर कुणाच्या तरी पोटाचं माप आहे, बेचाळीस. म्हणाले, आता अठ्ठावीसवर आला असेल बिचारा, लढाईनं फुकटात बारीक केला.

मामंजी स्वतःच काडी झालेत. पोटात गाठ आहे. कंपाउंडर म्हणतो, महिना काढतील. त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, माझं शेवटचं माप मी घेऊन ठेवलंय, कापड तेवढं मिळेना. सासूबाई म्हणाल्या, तोंडाला टाके घालीन तुमच्या.

बुधवार, ५

आज घरातली खरी गोष्ट कळली. मामंजींच्या खाटेखाली जमिनीत एक फळी आहे. फळीखाली कापडाचे तागे ठेवायचा खड्डा. तीन माणसं आडवी मावतात, उठून बसता येत नाही.

सैनिक घरोघर फिरून तरुण पुरुषांना लढाईवर नेतात. हे तिथूनच पळून आलेत. सापडले तर दारातच गोळी. मला आणि चिमीला बघितलं तरी विचारतील, हिचा नवरा कुठाय. म्हणून आम्हीपण खाली.

फळीची कडी वरच्या बाजूला आहे. कडी घातली नाही तर फळी फुगून वर येते, लगेच दिसते. मामंजी खाटेवरूनच हात खाली सोडून कडी घालतात. त्यांच्या बोटात अजून अंगुस्तान असतं, सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ती लोखंडी टोपी. ते फळीवर दोनदा वाजवलं की गप्प पडून राहायचं. तीनदा वाजवून कडी काढली की वर यायचं.

सासूबाई दारातच गळा काढतात, आत लागणीचा रोग आहे हो. सैनिक नाकाला रुमाल लावतात. खाटेजवळ कुणी येत नाही.

शनिवार, ८

आज पहिल्यांदा खाली गेलो. चिमी रडली तर काय, याचा घोर होता. मामंजींच्या दुखण्यावरचं औषध आहे, कडू वासाचं. दोन थेंबांनी पोर झोपतं. कंपाउंडरनं बजावलंय, तिसरा पडला तर उठणार नाही.

मी बाटली कलती केली, मग परत सरळ केली. मामंजींनी बाटली काढून घेतली. म्हणाले, उभ्या जन्मात माझं माप चुकलं नाही, थेंब मीच घालणार. दोन घातले. चिमी झोपली.

स्वतः मात्र घेतलं नाही. ही शेवटची बाटली आहे. खाली पडल्या पडल्या त्यांचं कण्हणं ऐकत होते. टक टक. मग तासाभरानं टक टक टक.

शुक्रवार, १४

आता रोज येतात. मामंजी औषधाला हात लावत नाहीत, उशी चावतात. चिमीला वाटतं, अंगुस्तान तिच्यासाठीच वाजवतात. टाळ्या पिटते.

सासूबाई चुलीपाशी म्हणाल्या, हे गेले की मुडद्यांची गाडी येईल, खाट उचलतील, मग तुम्ही कुठे जाल ग? मी मनात म्हटलं, देवा, यांना मरू देऊ नकोस. त्यांच्यासाठी नाही म्हटलं. आमच्यासाठी. माझी मलाच लाज वाटली.

मामंजींनी आमचं बोलणं ऐकलं असावं. मला जवळ बोलावून म्हणाले, घाबरू नकोस, मी काम अर्धवट टाकून जाणारा नाही.

मंगळवार, १८

सकाळी मामंजी गेले. हात खाटेखाली लोंबत होता, कडीवर.

सासूबाई रडल्या नाहीत. पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. म्हणाल्या, कुणाला सांगायचं नाही, आता कडी मी बघीन. औषधाची बाटली मामंजींच्या मुठीत आहे. मूठ उघडेना. ह्यांनी पण जोर लावून बघितला.

दुपारी सैनिक आले. चिमीला थेंब नव्हते. तिनं खाली सूर लावला. तोच वर कुणीतरी कण्हलं. मोठ्यानं. चिमीचा आवाज त्यात बुडाला. सैनिक निघून गेले.

सासूबाईंना म्हटलं, बरं सुचलं तुम्हाला. त्या म्हणाल्या, मी कुठे कण्हले?

बुधवार, १९

खाली आहोत. सैनिकांनी सासूबाईंना चौकशीला नेलं. सगळं ऐकलं. म्हणत होत्या, माझा माणूस आजारी आहे हो, त्याला पाणी कोण देईल. मग दार आपटलं. मग काही नाही.

हे फळीला खांदा लावायला गेले.

टक टक.

हे तसेच थांबले. बऱ्याच वेळानं वर बूट वाजले. एकजण मागे राहिला होता, गुपचूप बसून. तो पण गेला.

म्हणजे वाचवलं आम्हाला. पण कुणी—

अजून खाली

दिवस कुठला ते कळत नाही. फटीतून उजेड येतो तेवढ्यात लिहिते.

हे फळी ढकलतात. टक टक.

मी हाक मारते. टक टक.

वर बूट नाहीत. कुणाचा श्वास नाही. मी म्हटलं, मामंजी, गेले हो सगळे, कडी काढा.

टक टक.

ह्यांचा खांदा सोलला. आता नुसते पडून आहेत. चिमी भुकेनं रडतेय, थांबत नाही.

वर खाट करकरली.

फटीतून थेंब पडला. चिमीच्या ओठांवर. बरोबर ओठांवर. तोच कडू वास—

दुसरा.

तिला इकडे ओढलं, तर इकडेही फट. सरकायला जागा नाही— तोंडावर हात धरते, ती झटकते— झोपत नाही, पोटात काही नाही तिच्या— मामंजी, तुमचं माप चुकत नाही ना, दोनच ना, दोन झाले—

फटीत अजून एक गोळा होतोय— गप्प ग चिमे, त्यांना ऐकू जातंय, गप्प—