संध्याकाळी भार घेणारा संच

३ मार्च, सोम. अणदूर
सायं. ६.२० ला वसंतरावांचा फोन. सौ. सुमनचे थोरले बंधू. शेजारच्या जिल्ह्यातील जुन्या औष्णिक केंद्रात ऑपरेटर. नेहमीचेच वाक्य : "दाजी, चढवला भार." दुपारी सौरवीज मुबलक, म्हणून त्यांचा वीजनिर्मितीचा संच मंद ठेवतात, दिवस कलला की पुन्हा कोळसा वाढवतात.
उशाशी सुमनचे प्राणवायूचे यंत्र घरघरत होते. डोळे मिटले. कोळसा, ज्वाळा, वाफ, मग माळावरून चालत येणाऱ्या तारा, आणि शेवटी तिच्या नाकाशी एक बारीक झुळूक.

५ मार्च, बुध.
व.राव म्हणाले, संच कायमचा बंद करायचे ठरले. "म्हातारा झाला, दाजी. फार तर दहा दिवस."
प्राचीला सोलापूरला कळवले. "बाबा, आता तरी आईला इकडे आणा." सुमन : "मला इथंच राहू द्या." शेवटी मी तोड काढली : संच चालू आहे तोवर अणदूर, बंद झाला की सोलापूर. दोघींनी मान्य केले. आमची वीज त्याच संचाची, याला आधार माझ्याजवळ आहे. वीज गेल्याच्या वेळा तीन महिने टिपल्या आहेत, व.रावांच्या फोनच्या वेळांशी बहुतेक जुळतात.

८ मार्च, शनि.
टिपणे घेऊन वीज उपकेंद्रात. लाइनमन दगडूने वही शेवटपर्यंत वाचली.
"अक्षर लई झ्याक हाय, सर. पर सांज तिकडं बी व्हती आन् इकडं बी. तवाच समद्यांचे पंखे, टीव्ही, गिरणी चालू. तुमच्या गल्लीचा डीपी, त्यो ट्रान्सफार्मर, बारका. फ्यूज जातो."
"आणि तो संच?"
"त्यो आख्ख्या राज्याचा. सात तळ्यांचं पाणी एका पाटात सोडल्यावर तुमी इचारताव, ह्यो तांब्या कोणच्या तळ्याचा?"
"बंद झाल्यावर?"
"कमी पडलं तर समद्यांनाच पडंल. तुमची लाइट डीपीच घालवील."
दोन रकाने जुळले म्हणजे एक दुसऱ्यातून निघाला, असे नव्हे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी हे शिकवले होते.

१० मार्च, सोम.
व.रावांना विचारले, तुम्हांला हे ठाऊक होते? थोडे हसले. "दाजी, पस्तीस वर्षं मी वीज पाठवली. ती कुठं जाते ते कुणाला दिसतं? म्हटलं, एक घर तरी आपलं धरावं." मग पाठीमागे टर्बाइनचा आवाज, समुद्राकाठी उभे राहिल्यासारखा.

१२ मार्च, बुध.
सुमनला सांगितले. ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "मला माहीत होतं. डीपीची ठिणगी इथून दिसते."
"मग त्या दिवशी का बोलली नाहीस?"
"अहो, तुम्ही मला संचाएवढे दिवस दिले होते. ते मी कशाला मोडू?"
तिने पांघरूण सारखे केले, माझेच.

१५ मार्च, शनि.
दुपारी ३.१० ला संच बंद. व.रावांनी कळवले. सायंकाळी गल्लीतले दिवे लागले, कोणाला काही जाणवले नाही. मला मात्र सगळे पाण्याखालून पाहिल्यासारखे.
प्राची उद्या दहाला गाडी घेऊन येते. तिला शब्द दिला होता. तो ज्यावर उभा होता ते खोटे ठरले. पण डीपी बारका आहे, हे खरेच. प्राणवायूचा राखीव सिलिंडर चार तासांचा, हेही खरे.
मोठ्या डीपीसाठी अर्ज केला. दगडू म्हणाला, "गल्लीतल्या ऱ्हाणारांच्या सह्या लागत्यात, सर." अकरा घरांच्या घेतल्या. आमच्या घराची वीज सुमनच्या नावावर. ती जागा कोरी आहे; सही म्हणजे ती इथेच राहणार. कागद तिच्यापुढे धरला. तिने दोनदा वाचला, पेन मागून घेतले, आणि ते हातात धरून, डोळे मिटून विचार करत राहिली.